चार पेट्या आणि माशीचं पोट

मधमाशीचं पोट बघायला कर्जतला चाललेय म्हटल्यावर पुण्यातली माझी शेजारीण पोट धरून हसली. पण कामच माझं ते. मधमाशीच्या आतड्यात एक परजीवी वाढतो. तो कुठल्या गावात पोचलाय, याचा मी नकाशा करते.

शिळफाट्याला एसटीतून उतरले, झणझणीत मिसळ खाल्ली आणि त्या आनंदात माश्या कुटायचा माझा खल हॉटेलातच विसरले. आठवलं ते कर्जत ओलांडल्यावर, रिक्षात. सूक्ष्मदर्शक मात्र मांडीवर होता.

डोंगराखालच्या वाडीत सुलोचनाताई वाट बघत होत्या. मोहरलेल्या आंब्याखाली त्यांच्या सातेरी (पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) माश्यांच्या चार पेट्या. पेट्यांच्या तोंडावर पिवळे-तपकिरी डाग. शेजारी त्यांचे दीर दामूभाऊ कंबरेवर हात ठेवून उभे.

"रोग हाय. पलीकडं माझ्या धा पेट्या हायत, त्यांना लागंल. जाळा ह्या."

"भावजी, मॅडमना बघू तर द्या!"

पेटीत परतणाऱ्या माश्या मी बाटलीत धरल्या. तीसेक माश्या जाणार हे कळल्यावर सुलोचनाताईंनी हात जोडले. "माफ करा गं बायांनो." मग घरातला दगडी खल त्यांनीच आणून दिला. मी माश्यांची पोटं पाण्यात कुटली, थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. लांबट, चकचकीत दाणे, आणि तेही ढिगाने! परजीवीचे बीजाणू अस्सेच दिसतात. मोठ्या रुबाबात मी जाहीर केलं, "लागण आहे. जबरदस्त आहे."

दामूभाऊ डिझेल आणायला निघाले. सुलोचनाताईंनी जवळच्या पेटीवर हात ठेवला. "दोन वर्सं पोरींवानी सांभाळल्या वो."

काहीतरी करायचं म्हणून पुन्हा काचेत डोकावले, तर काही दाण्यांना बारीक कोंब! या परजीवीच्या बीजाणूला असा कोंब कधी येत नाही. तो येतो पीठ आंबवणाऱ्या यीस्टला.

"ताई, या खलात काय वाटलं होतं?"

"पुतणीच्या लग्नाच्या वड्यांचं पीठ. आंबवलेलं. धुतलाय की खल!"

धुतलेल्या खलात नुसतं पाणी फिरवून त्याचा थेंब पाहिला. माशी नाही, तरी तेच दाणे! मी ओरडले, "दामूभाऊंना थांबवा!" सुलोचनाताई पदर खोचून पायवाटेने धावत सुटल्या.

मग उकळत्या पाण्यातून काढलेली वाटी घेतली आणि चारही पेट्यांच्या माश्या वेगवेगळ्या तपासल्या. आत पराग होता, बीजाणू एकही नव्हता.

"मग ह्ये डाग?" दामूभाऊंनी विचारलं.

उत्तर सुलोचनाताईंनीच दिलं. "लग्नाला पाव्हणे येनार, कुनाला चावायला नको म्हणून दोन दिस पेट्यांच्या दारांना जाळी लावली हुती."

माशी आपल्या घरात घाण करत नाही, बाहेर उडून जाते. बिचाऱ्या दोन दिवस कळ काढून बसल्या आणि जाळी निघताच दारातच मोकळ्या झाल्या. दामूभाऊ आधी ओशाळले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हंजे त्या शिस्तीच्या, आमीच बिनडोक!"

जेवायला लग्नातले उरलेले वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती. मी सहा वडे खाल्ले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

परतीच्या एसटीत नकाशा उघडला आणि वाडीच्या जागी हिरवा ठिपका काढला. लागण असेल तिथे मी लाल काढते. लाल काढला असता तर माझा एक ठिपका चुकला असता, एवढंच. सुलोचनाताईंच्या आंब्याखाली मात्र राख उरली असती.