डाव्या बाजूचे स्पीकर

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी कॉलेजपासून वाचते आहे, पण स्वतः कधी काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर विश्वासच नव्हता. वाचता वाचता मी मनात कारण शोधायचे — वायरिंग, ताप, अपुरी झोप... आणि बहुतेक वेळा ते सापडायचं. हे लिहितेय ते भीतीदायक आहे म्हणून नाही. भर दुपारी, घरात माणसं असताना झालेली गोष्ट आहे. लाज वाटण्यासारखं मात्र त्यात आहे, म्हणून इतके महिने थांबले.

आमचं घर जळगावला. तळमजल्यावर हॉलच्या मागे बारा बाय चौदाची एक खोली आहे. आता टीव्ही आहे त्या भिंतीकडे तोंड करून बसलं की डाव्या हाताला दार, उजव्या हाताला खिडकी. शेवटचं दीड वर्ष ही नानांची, म्हणजे माझ्या आजोबांची खोली होती. पाठीला उशा लावून, त्याच भिंतीकडे तोंड करून ते पलंगावर बसलेले असायचे. त्यांचा डावा कान पूर्ण गेलेला होता. त्यामुळे घरात नियमच पडला होता — नानांशी बोलायचं तर पलंगाला वळसा घालून खिडकीकडे जायचं, तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं आणि उजव्या कानाशी मोठ्याने बोलायचं. दारातून बोलून उपयोग नाही, हे आमच्या दूधवाल्यालाही माहीत होतं.

नाना गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर पापांनी त्या खोलीत मीडिया रूम करायचं ठरवलं. त्यांची जुनी हौस होती. काम शकीलभाईंना दिलं. जळगावात साउंड सिस्टिमची कामं ते बरीच वर्षं करतात. पापांना मधला सोडून बाकीचे चारही स्पीकर छताजवळ, चार कोपऱ्यांत हवे होते.

"साहेब, हे मंगल कार्यालय नाही," शकीलभाई म्हणाले. "एवढ्या वर लावले तर आवाज डोक्यावरून जाईल. पैसे कानासाठी देताय ना?"

"मग लावा तुमच्या मनाने. बिघडलं की तुम्हालाच बोलावणार."

"बोलवा. चहा चांगला असतो तुमच्याकडे."

समोरचे दोन स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, मधला टीव्हीखाली, आणि बाजूचे दोन सोफ्याच्या किंचित मागे, कानापेक्षा हातभर वर. सोफा मागच्या भिंतीला चिकटवायचा नाही, म्हणून शकीलभाईंनी तो तीन फूट पुढे ओढला. फरशीवर पलंगाच्या पायांचे पिवळट डाग अजून होते. मधली सीट बरोबर तिथे आली, जिथे नाना टेकून बसायचे. हे मी पाहिलं.

रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारं मशीन, त्याच्याबरोबर एक छोटा माइक येतो. बसणाऱ्याचं डोकं जिथे येईल तिथे तो स्टँडवर ठेवायचा. मग एकेका स्पीकरमधून खरखर वाजते, रिसीव्हर ती ऐकतो आणि ज्याचा आवाज कमी पोचतो त्याचा वाढवतो. तेवढा वेळ खोलीत शांतता लागते. कुणी बोललं तर मशीन थांबतं आणि 'आवाज होत आहे, पुन्हा करा' असा मेसेज येतो.

पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा उजवीकडचे स्पीकर बरोबर आले. डावीकडचे दोन्ही मशीनने जितके वाढवता येतात तितके वाढवले होते. शकीलभाईंनी डावे-उजवे स्पीकर बदलले, मग वायर, मग माइक. तेच. दार लावून पाहिलं, पडदा काढून पाहिला. तेच. दुसऱ्या दिवशी धुळ्याहून मामा त्याचा रिसीव्हर घेऊन आला. दुसरी कंपनी, दुसरा माइक... तरी तेच. माइक शेजारच्या सीटवर सरकवला की सगळं सरळ. मधल्या सीटवर आणला की डावी बाजू गायब.

तेवढ्यात, माप चालू असताना, मम्मी दारातून म्हणाली, "चहा ठेवू का?" आणि मशीन थांबलं नाही! चांगलं मोठ्याने बोलली होती. पुढच्या वेळी खिडकीकडे शकीलभाई नुसते खाकरले, तर लगेच थांबलं.

"कमाल आहे," ते म्हणाले. "मशीनला वाटतंय इथे बसणारा माणूस डाव्या कानाने बहिरा आहे."

त्यांना नानांचं काहीच माहीत नव्हतं. मम्मीने पापांकडे पाहिलं. पापा म्हणाले, "एक कान तरी चांगला होता ना? त्या कानाने तरी बहिणीचं कुठे ऐकलं?"

आता ते सांगते.

नानांची मोठी बहीण चोपड्याला असायची. सगळे तिला आक्का म्हणायचे. तिच्या नातीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये नानांचं नाव छापायचं राहिलं. नाना लग्नाला गेले नाहीत आणि तीन वर्षं बहीणभाऊ बोलले नाहीत. मग एका दुपारी आक्कांच्या मुलाचा, उत्तमकाकांचा फोन आला. घरात नाना आणि मीच. "बेटा, आक्काचं काही खरं नाही. नानाशी बोलायचं म्हणते. दे जरा त्यांना."

दहा मिनिटांनी माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. मी फोन घेऊन नानांच्या दारापर्यंत गेले. ते खिडकीबाहेर बघत होते. खिडकीकडे जायचं, त्यांच्या कानाशी ओरडायचं, मग ते अहिराणीत काही विचारणार, मला धड उत्तर देता येणार नाही, ते हसणार, मी परत ओरडणार, आणि हे सगळं फोनवर काका ऐकणार... मला नेहमीच त्याचा संकोच वाटायचा. मी दारातूनच, हळू आवाजात म्हणाले, "नाना, चोपड्याहून आक्कांचा फोन आहे." ते वळले नाहीत. वळणार नाहीत हे मला माहीत होतं. मी हॉलमध्ये येऊन काकांना सांगितलं, "नाना नको म्हणताहेत."

तिसऱ्या दिवशी आक्का गेल्या. नानांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माले कोनीच सांगं नही." पापा चिडले. "तुम्हाला विचारलं होतं नाना. हिने विचारलं होतं." नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — हो, विचारलं होतं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. चार महिन्यांनी तेही गेले. तेराव्याला चोपड्याचे लोक आले आणि न जेवता परतले. पापा तेव्हापासून समजत होते की आपला बाप मरणाऱ्या बहिणीशीही बोलला नाही.

मामा रिसीव्हर घेऊन आला त्या दुपारी सगळे स्वयंपाकघरात जेवत होते. मी एकटी त्या खोलीत गेले, माप सुरू केलं आणि दारात उभं राहून त्याच हळू आवाजात तेच वाक्य म्हणाले. खरखर चालू राहिली. मग मी सोफ्याला वळसा घालून खिडकीकडे गेले. खाली बसले. माइक माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होता. त्याहूनही हळू म्हणाले, "नाना, आक्कांचा फोन आला होता. तुम्ही नको म्हटलं नव्हतं. मीच खोटं सांगितलं."

मशीन थांबलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा म्हणाले. पुन्हा थांबलं. कितीदा केलं आठवत नाही. मान वर केली तर दारात पापा होते, हात खरकटाच.

"काय म्हणालीस?"

मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात धुतला, स्वतःच्या फोनवर चोपड्याचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "उत्तमभाऊला सांग. मी सांगणार नाही."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मागे ट्रॅक्टर चालू होता. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर शकीलभाईंनी दोनदा माप घेतलं. काहीही बदललं नव्हतं. शेवटी त्यांनी शेजारच्या सीटचे आकडे हाताने भरून दिले. ते म्हणतात, खोलीचा दोष. भिंतीवरून आवाज उलटून एखाद्या जागी मरतो, हे मी वाचलं आहे. पण तो असा एका बाजूचा सगळाच्या सगळा मरत नाही. आणि मम्मीचा आवाज? ते कोडं शकीलभाईंनाही सुटलेलं नाही. मला याचं कारण मिळालेलं नाही. इथे कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा, अगदी साधं असलं तरी.

पापा माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात. त्यानंतरच्या रविवारी ते मला घेऊन चोपड्याला गेले. काकांच्या अंगणात केळीच्या गाडीचा हिशोब चालला होता, तो थांबवून त्यांनी आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. मी माफी मागितली. पाठ करून गेले होते, तरी अर्ध्यावर अडकले. काकांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"आक्का दोन दिवस इचारत व्हती," ते म्हणाले, "'उत्तम, नानाना फोन उना (नानाचा फोन आला) का?' शेवटी मी तिले सांगं, तो नही म्हणस. मंग तिनी पुन्हा त्यानं नाव नही लिधं." मग माझ्याकडे बघून, अजिबात न रागावता, त्यांनी विचारलं, "आते हाई मी कोनले सांगू?"

पापा खाली बघत होते. आता हे कुणाला सांगणार — ऐकायला आक्काही नव्हत्या, नानाही नव्हते.