अप्पांचे डोळे

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आणि सासऱ्यांपाशी तर — छे, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? डोळे त्यांचेच होते.

थांबा, नीट सांगते.

द्वारका चौकाजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइन करते. चांदवडच्या अप्पांची एकसष्टी होती. कांद्याचे मोठे व्यापारी. स्टेजमागचा बॅनर चांगला तीस फुटी. मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला — कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, नखाएवढा चेहरा. मोठा केला, तर डोळ्यांच्या जागी दोन करडे चौकोन! दुसरा फोटो मागायला एक फोन पुरला असता, नाही का? पण तो मुलगा बोलायला लागला की थांबत नाही. आणि माझ्या मोबाइलमध्ये सासऱ्यांचा स्वच्छ फोटो होता. वय तेच, भुवया तशाच. मी डोळे उचलले — आणि अप्पांना बसवले.

मशिनवरचा सलीम प्रिंट बघून म्हणाला, "ताई, माणूस ओळखीचा वाटतो."

"चांदवडचे सगळे असेच दिसतात," मी म्हटलं.

बॅनर लावायला मीही गेले होते. अप्पांच्या पत्नी, काकू, त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "लय जिवंत डोळे आलेत गं. हा माणूस माझ्याकडं असा कधी बघतच नाय!" बिचारे अप्पा — सगळ्या कार्यक्रमभर काकूंकडे डोळे मोठे करून बघत बसले. तेव्हाच सांगून टाकायचं ना? मी जिलबी वाढून घेतली.

काकूंनी बॅनरमधला चेहरा कापून घेतला, भलीमोठी फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावला.

गेल्या वर्षी अप्पा गेले. मुलाचा फोन आला, आवाज बसलेला. "ताई, दशक्रियेसाठी बॅनर करायचाय. आई म्हणते, तोच फोटो पाहिजे. दुसरा नको."

आता तरी? एका वाक्याचं तर काम होतं. तोंडापर्यंत आलंही —

"ऐकताय ना, ताई?"

"हो," मी म्हणाले. "साइज काय ठेवू?"

बॅनर मीच केला.