खंडेनवमीला गेलेला मेनूबार

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा बाबा हातमागावरून उठले, हात धुऊन आले आणि मगच त्यांनी गुणपत्रिकेला हात लावला. हे मी कुणालाही सांगते. उमरेडला आमच्या घरातच हातमाग होता. विणायचे बाबा, धाग्याच्या कांड्या भरायची माय. मी आता नागपूरला हुडकेश्वरमध्ये दोन खोल्यांत राहते आणि घरी बसून पुस्तकांची प्रुफं कॉम्प्युटरवर तपासते.

बाबा गेल्या उन्हाळ्यात रामदासपेठच्या एका दवाखान्यात वारले. तेरवी झाल्यावर मी मायला इकडं घेऊन आले. बंद मागासमोर तिला एकटीला बसवून ठेवायचं नव्हतं. ती आली, पण तिची पिशवी काही रिकामी झाली नाही. लुगडं पिशवीतून काढायचं, धुवायचं, वाळलं की घडी करून परत पिशवीत. कपाटात तिच्यासाठी मोकळा केलेला कप्पा तसाच राहिला.

"लेकीच्या घरी राहते का वं कोणी?" हे दिवसाआड ठरलेलं.

"पोरगा असता तर राहिली असती ना? मंग मलेच पोरगा समज."

"पोरगा असता तर सुनेशी भांडली असती. इथं भांडू कोणाशी?"

तेवढ्यापुरत्या दोघी हसायचो. तिनं माझ्याकडं राहावं, एवढंच मला हवं होतं.

खंडेनवमी जवळ आली तशी ती म्हणाली, उमरेडला जाऊ, मागाची पूजा करून येऊ. मी म्हटलं, यंदा आपल्याला सण नाही, आणि माझं प्रुफ त्याच संध्याकाळी द्यायचं आहे.

"सण नाई, खरं हाय. पण अवजाराले उपाशी ठेवत नाई," ती म्हणाली आणि वाळलेल्या लुगड्याची घडी घालायला बसली. मला वाटलं, विषय संपला.

नवमीला सकाळी मी भाजी आणायला खाली उतरले. परत येऊन बघते तर कीबोर्डवर झेंडूचं फूल, बटणांवर ओल्या कुंकवाचे ठिपके, आणि समोर माय हात जोडून उभी. माग नाही तर नाही, घरातलं अवजार तरी पुजावं, असं तिच्या मनात आलं असणार. ओलं कुंकू बटणांच्या फटीत उतरायला लागलं होतं. मी फडकं घेतलं आणि सगळं पुसून काढलं. पुसायलाच हवं होतं, आजही पुसेन. ती माझ्या हाताकडं बघत होती.

मग माझं लक्ष स्क्रीनकडं गेलं. वरचा मेनूबार गायब. फाइल नाही, एडिट नाही, व्ह्यू नाही. पुस्तकाचं पान थेट वरच्या कडेपर्यंत चढलेलं. माझं सगळं काम त्या पट्टीतून चालतं, शॉर्टकट मी कधी पाठ केले नाहीत. माऊस वर नेऊन पाहिला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पट्टी आली नाही.

"बिघडलं का वं?"

"बिघडलं नाही. वरची पट्टी गेली."

"मी दाबलं नाई. नुसतं बोट टेकवलं."

"बोट टेकवलं की दबतंच माय ते."

ती भिंतीशी जाऊन बसली. प्रुफं जिथून येतात त्या ऑफिसातल्या बाईंना मी फोन लावला. त्या आधी पोटभर हसल्या. "अहो, पूजेआधी बंद तरी करायचा! आमच्या सासूबाईंनी मिक्सरमध्ये फुलं वाहिली अन् मी न बघता फिरवला. दिवाळीपर्यंत चटणीत झेंडू निघून राहिला होता." मग म्हणाल्या, "जे बटण दाबलं गेलं, तेच परत दाबा."

ते कोणतं, हे ठिपक्यांवरून कळलं असतं. ठिपके फडक्यात गेले होते.

"माय, कुंकू कुठं कुठं लावलं होतं, दाखव बरं."

"मी नाई हात लावत आता त्याले." दोन्ही हात तिनं पदरात घेतले होते.

"लावू नको. तिथूनच सांग."

"मागाले लावतो तसंच. वरच्या दांडीले, उजव्या अंगानं. जिकडून तुहा बाप धोटा फेकाचा, तिकडून. मंग मधात. मंग डाव्या अंगाले."

म्हणजे सगळ्यात वरची रांग, उजवीकडून. मी एकेक बटण दाबत गेले. एकानं काहीच झालं नाही. दुसऱ्यानं भलतीच चौकट उघडली, ती मिटवली. एफ अकरा दाबलं आणि पट्टी जागेवर आली. फाइल, एडिट, व्ह्यू, सगळं.

"आली माय! पाह्य इकडं."

ती उठली नाही. बसल्या जागेवरून तिनं पाहिलं. "बरं झालं. तुहं काम खोळंबलं नाई." मग म्हणाली, "उद्या सकाळच्या बसनं जातो मी."

"परत कधी येशील?"

"पाहू."

प्रुफ मी संध्याकाळी वेळेवर पाठवलं. दसऱ्याला सकाळी तिला एसटीत बसवून दिलं. निघताना भरायचं काही नव्हतंच, पिशवी भरलेलीच होती.

अजून ती आलेली नाही. मागाची धूळ रोज पुसते म्हणते. मी फोनवर विचारते, कधी येते? ती विचारते, "पट्टी हाय ना वं जागेवर?"

मी म्हणते, आहे.

"मंग झालं," म्हणते आणि फोन ठेवते.