दातांनी ऐकणारा श्रीरंग

“ताई, माझ्या डोक्यावर हात ठेव आणि म्हण, कुणाला सांगणार नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.”

धाकट्या भावाचा हा आवाज इंदुमतीच्या मनात पाच वर्षं ठाण मांडून बसला आहे. भाऊ मात्र गेला. श्रीरंगला जाऊन आज वर्ष झालं.

दुपारचे दोन वाजलेत. सोमवारचा उपास, पोटात वाटीभर ताक. व्रतस्थ बाईनं दिवसा अंग टाकू नये, हा नेम तिनं तीस वर्षं मोडलेला नाही. म्हणून ती देवघराच्या भिंतीला पाठ टेकून जपाला बसली आहे. पण मणी पुढं सरकत नाहीत. डोळ्यांपुढं सारखी सकाळची केतकी येते.

केतकी ही श्रीरंगची एकुलती एक लेक, एकवीस वर्षांची. आज सहा वाजता सांगलीच्या नाट्यगृहात बापाच्या आठवणीचा कार्यक्रम आहे आणि बापाचीच गिटार घेऊन ती उभी राहणार आहे. सकाळी नमस्काराला आली तेव्हा इंदुमती म्हणाली होती, “त्या ॲम्पला इतकी चिकटून उभी राहू नकोस गं.”

“काय?”

“म्हटलं, चिकटून उभी राहू नकोस.”

“अगं आत्या, ती बाबांची जागा आहे. त्यांचा सगळा सूर तिथंच सापडतो. तू आपला जप कर, या भानगडीत पडू नकोस!” हसत हसत ती जिना उतरून गेली.

आत्या दचकली ती त्या हसण्यानं नाही. पहिल्या “काय?”नं दचकली. श्रीरंगचंही असंच सुरू झालं होतं.

श्रीरंग टिपणीस हे नाव शिलाँगपासून जर्मनीपर्यंत गाजलं. पाठीमागं गिटारचा आवाज कैक पटींनी वाढवणारे, माणसाच्या उंचीचे चार ॲम्प, पायाशी सूर बदलणाऱ्या पेडलांची रांग, आणि विजेची काळी गिटार. वाजवता वाजवता तो गिटारचं शिंग, म्हणजे तिच्या अंगाचं पुढं आलेलं टोक, दातांत धरायचा, डावं कानशील ॲम्पला टेकवायचा. लोक खुळावायचे. पोरं नक्कल करायची. खरी गोष्ट एकट्या इंदुमतीला माहीत होती, कारण कान तपासायला त्याच्याबरोबर मिरजेला तीच गेली होती. पंचवीस वर्षांच्या दणदणाटानं त्याचा डावा कान पार गेला होता, उजव्यात नुसती घरघर उरली होती. शिंग दातांत धरलं की सूर जबड्याच्या हाडातून डोक्यात चढायचा. ॲम्पला कानशील टेकलं की ठोका कळायचा. आंधळ्याच्या हातात काठी असते तशी ती बहिऱ्याची काठी होती. लोकांनी तिला नखरा समजून डोक्यावर घेतलं. आणि आता धडधाकट कान घेऊन जन्मलेली पोर रोज त्या भट्टीच्या तोंडाशी कान नेऊन उभी राहते.

सांगून टाकायला काय जातं? पण शपथ! ज्यानं घातली त्यानंच “सुटली” म्हणावं लागतं. आणि तो तर हायवेवर गेला, मागून ट्रक गळा फाडून हॉर्न मारत असताना.

इंदुमतीच्या पापण्या जड होतात. पाठीमागची भिंत कोमट लागते. मग गरम. मग भिंत थरथरायला लागते.

इंदुमती वळून बघते, तर भिंत नाहीच. काळ्या जाळीचे चार ॲम्प छतापर्यंत गेले आहेत. देव्हारा त्यांच्यासमोर फळीवर ठेवलाय आणि फळीपलीकडं अंधारात हजारो माणसं श्वास रोखून उभी आहेत.

“ये ताई. उपास ना आज? म्हणजे चिडलेली असणार.”

श्रीरंग उभा आहे. चेहऱ्याची डावी बाजू डांबरानं सोललेली, पण शर्टाला इस्त्री आहे.

“श्रीरंग, शपथ सोडव.”

“काय?”

“शपथ! सुटली म्हण!”

तो कानाकडं बोट दाखवतो, हसतो आणि तारांवर हात मारतो.

तो आवाज नाही, मार आहे. पहिला तडाखा इंदुमतीच्या छातीत बसतो, दुसरा दाढांत. निरांजनाची ज्योत आडवी होऊन विझते. पितळी बाळकृष्ण फळीवरून उडून जाळीवर आपटतो. समईचं तेल भिंतीवर रक्तासारखं उडतं. श्रीरंग शिंग दातांत धरतो आणि इतक्या जोरानं चावतो, की हिरड्यांतून लाल धार हनुवटीवर येते. अंधारातली माणसं आनंदानं किंचाळतात. पुढच्या रांगेतली पोरं आपापल्या गिटारी दातांत धरून चावायला लागतात. दात तुटतात. कुणी थांबत नाही.

“मी केतकीला सांगणार!” इंदुमती ओरडते. “तिला सांगणार की तू...”

पडद्याच्या बाजूनं ट्रक येतो. दिवे लखलखतात, हॉर्न कोकलतो, आणि श्रीरंग बाहुलीसारखा उडतो. हाडं मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो.

ती वाक्य अर्धवट टाकून त्याच्याकडं धावते.

तो उठतो, मोडका खांदा हातानं धरून जागेवर बसवतो. “बघितलंस? तू तोंड उघडलंस की मी मरतो. कच्ची शपथ घालणारा माणूस नाही मी.”

आता दोघं मिरजेच्या तपासणीच्या खोलीत आहेत. कपाटाएवढी खोली, भिंतींना जाड गालिचा. श्रीरंगच्या कानांवर यंत्र, हातात बटन. काचेपलीकडं डॉक्टर एकेक सूर सोडतात. ऐकू आला की बटन दाबायचं. श्रीरंग वाट बघतो. घाम त्याच्या भुवईतून गळतो. बटन तसंच.

“अजून सोडला नाही त्यांनी?” तो विचारतो.

“पंधरा सोडून झाले रे.”

तो यंत्र उपटतो आणि काचेवर मूठ मारतो. काच तडकते. पुन्हा मारतो. बोटांची सालटी निघतात. “बहिरा गिटारवाला! सर्कशीत घेतील मला. आपल्या गल्लीतल्या त्या बहिऱ्या गणूतात्यांना आपण काय करायचो, आठवतं ना? मागं उभं राहून शिव्या द्यायचो आणि खिदळायचो. तूसुद्धा.”

“मी नव्हते.”

“होतीस. हळू आवाजात द्यायचीस.”

इंदुमतीला एवढ्या मारातही हसू येतं, आणि त्याचीच लाज वाटते. कारण ती होती.

“मला तसं हसलेलं नको होतं, ताई. एवढंच.”

“तुला कुणी हसलं नाही. तुझी पूजा बांधली. आणि आता त्या पूजेत तुझी पोर बळी चाललीय.”

“काय?”

तिचं बोलणं त्याच्यापर्यंत जातच नाही. काच फुटून पडते आणि काचेमागून तेच ॲम्प पुन्हा गुरगुरतात. श्रीरंगनं गिटार उचललेली आहे. आवाज चढतो. खोलीचा गालिचा फाटतो. इंदुमतीच्या कानातून काही तरी ऊन ऊन गळ्यावर ओघळतं. आयुष्यात तिनं कुणावर हात उचललेला नाही. मुंगीसुद्धा चिमटीत धरून बाहेर सोडणारी बाई ती. ती पुढं जाते, भावाला छातीवर धक्का देते, एकदा, दोनदा, आणि त्याच्या बोटांखालच्या सहाही तारा मुठीत धरून आवळते.

तारा सळसळतात, चरचरतात, तिच्या तळव्यात शिरतात. ती सोडत नाही. श्रीरंग तिचं मनगट पिरगळतो. ती सोडत नाही. दात ओठांत रुतवून आवळत राहते. मग एकेक तार मरते.

सगळीकडं शांत.

त्या शांततेत बाजूच्या खोलीतून गिटार ऐकू येते. लहान, कोवळी, श्रीरंगसारखीच चढत जाणारी. त्यालाही ऐकू येते, कारण तो मान वळवतो. दार उघडं आहे. आत केतकी उभी आहे, शाळेच्या गणवेशात आणि तरीही एकवीस वर्षांची. डावा कान तिनं जाळीला गच्च दाबून धरलाय. जाळीच्या भोकाभोकांतून बारीक लाल थेंब ओघळतायत. ती डोळे मिटून हसते आहे.

“हिला तिथं कुणी उभं केलं?” श्रीरंगचा आवाज फाटतो.

“तूच.”

“मी कुठं सांगितलं?”

“न सांगता. ती म्हणते, बाबांची जागा आहे.”

श्रीरंग दाराकडं धावतो आणि उंबऱ्याला आपटून मागं पडतो. पुन्हा धावतो, पुन्हा आपटतो. नाक फुटतं. मेलेल्याला तो उंबरा ओलांडता येत नाही. केतकीऽऽ म्हणून तो जो हंबरडा फोडतो, तो तिला ऐकू जात नाही.

तो तसाच जमिनीवर बसतो. बहिणीची रक्ताळलेली मूठ दोन्ही हातांत घेतो.

“ताई, सुटली.”

“पुन्हा म्हण.”

“सुटली. माझ्या गळ्याची सुटली. पण एक वचन दे. अर्धंमुर्धं नको सांगू. ते दाताचं सांग. बटन हातात धरून बसलो होतो तेही सांग. लोकांसमोर म्हणायचं असेल तर लोकांसमोर म्हण. आणि तिची गिटार काढून घेऊ नकोस. कान झाकून, लांब उभी राहून वाजवू दे. माझ्याहून चांगला हात आहे तिचा.”

“तिला राग आला तर?”

“येईल. माझ्यावर येऊ दे. मला आता काय, ट्रकसुद्धा लागत नाही.”

“वचन,” इंदुमती म्हणते.

देव्हाऱ्यासमोर ऊन पायांपर्यंत आलं आहे. बाळकृष्ण जागेवर आहे, समई विझलेली नाही. घड्याळात चारला पाच कमी. इंदुमतीचा डावा हात जड झालाय. ती सावकाश मूठ उघडते.

तळव्यावर एका ओळीत सहा लाल रेघा आहेत. वरची केसासारखी, खालची दोऱ्याएवढी जाड. खालच्या रेघेत रक्ताचा एक ओला ठिपका.

ती उठून हात धुते. पाणी झोंबतं. रेघा जात नाहीत. ती साडी बदलते, चपला घालते, दाराला कुलूप लावते. पायरीवर थांबून पहिलं वाक्य म्हणून बघते.

“केतकी, तुझ्या बाबांना ऐकू येत नव्हतं.”

फारच हळू. असं कुणाला कळायचं? ती खाकरून पुन्हा म्हणते, या खेपेला इतक्या मोठ्यानं, की समोरच्या खिडकीतल्या माळगावकरबाई वाटाणे सोलायच्या थांबतात.

“काय झालं हो इंदूताई?”

“काही नाही. नाट्यगृहाकडं चाललेय.”

आणि पदर खोचून, पुढचं वाक्य ओठांतल्या ओठांत जुळवत, ती उन्हातून चालायला लागते.