छातीवरचं ठिगळ

शिवण दिसली की चाचा आधी तिच्यावरून अंगठा फिरवायचे. सलाम, रामराम नंतर. इस्पितळात खाट दाखवायला नेलं, तर बसायच्या आधीच त्यांनी गादीची कड दाबली आणि मला म्हणाले, "टाका दाट हाय, बाबू. फाटन." गादी तिसऱ्या दिवशी फाटली. मी लोकांना त्याच दिवशी फाटली म्हणून सांगतो. तेवढं चालवून घ्या.

चाचा मोर्शीकडचे. संत्र्याच्या बागांना विहिरीतून पाणी ओढणाऱ्या चामड्याच्या मोटा शिवायचे. मी अमरावतीला ड्रेसर. तीस खाटा आणि मलमपट्टीला दोन हात. चाचांच्या डाव्या बरगड्यांवर गाठ होती. पारावर सांगताना मी तिचा नारळ करतो. होती संत्र्याएवढी, आणि तेवढी पुरे होती.

सर्जनसाहेब म्हणाले, गाठीसोबत तीन बरगड्या जातील; भोकावर मांडीतला चिवट पडदा शिवू.

"ठिगळ भोकापेक्षा चार बोटं मोठं घेजा, सायेब."

"घेईन. आणि ढोलकीसारखं ताणीन."

"ताणू नोका. ठिगळ म्हंजे पाहुना. त्याले सैल बसू द्या."

साहेब हसले, आणि त्यांनी ताणलंच.

चाचा जगले. पण श्वास घेतला की छाती वर यायची आणि ठिगळ आत जायचं. बरगड्याच नव्हत्या, त्याला आधार कशाचा? "मोट उलटी चालून राहिली, बाबू," ते म्हणाले. एवढ्या पाच शब्दांना तीनदा थांबले. साहेबांनी घट्ट पट्टे बांधायला सांगितलं. मी सकाळी बांधायचो, संध्याकाळी ते सैल. पट्टा इतका गुंडाळला की अकोल्यापर्यंत पुरला असता. माझे खांदे भरून आले, आणि चाचांचे ओठ निळेच.

पाचव्या दिवशी त्यांनी बायकोकडून, म्हणजे चाचीकडून, जुन्या मोटेचं कातडं मागवलं. "वापरलेलं आन. नवं कातडं आयकत नाई." ते भिजवून मी ठिगळावरच्या पट्टीवर ठेवलं. चाचांनी छातीभर श्वास ओढला, धरला, कातडं दाबून आकार दिला आणि उन्हात वाळवायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी बांधलं, तर श्वास सोडताच कातडं आणि छाती यांच्यात माझी मूठ शिरली.

चाचांनी कातडं सोडून मांडीवर घेतलं.

"चाळीस वर्सं भरल्या मोटेचं माप घेतलं. मानूस रिता मोजा लागते, हे मले कोनं सांगतलं नाई."

दुसऱ्यांदा श्वास सोडून माप घेतलं, आणि कातडं अंगावरच वाळवायचं ठरलं. तोवर कोणीतरी दाबून धरायला हवं. सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत मी तळहात टेकवून उभा.

"हात हालून राहिला, बाबू. जेवला नाई का?"

"तुमच्यापायी नाही जेवलो, चाचा."

"मंग हालू दे थोडा."

कातडं बांधून ते उठून बसले आणि एका दमात अख्खं वाक्य बोलले. वाक्य माझ्या पट्टीच्या गाठीला शिव्या देणारं होतं. साहेब दारात उभे राहून ऐकत होते.

पुढचे दोन आंबिया बहार, म्हणजे संत्र्याची दोन वर्षं, चाचांनी बसून मोटा शिवल्या. मग एक दिवस आले, तर कातडं छातीवर बसेना. जुन्या टाक्यांच्या कडेला गाठ पुन्हा उठली होती. साहेबांनी शिवणीवरून अंगठा फिरवला, अगदी चाचांसारखा. चाचा म्हणाले, "आता हे चामडं टाका धरत नाई, सायेब. तुमचा दोष नाई."

ते घरी गेले. पावसाळ्याआधी चाची एकटीच आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं ते कातडं होतं. "ते म्हने, बाबूले देजो. कोनाच्या तरी कामी येईन."

मी दोघातिघांना लावून पाहिलं. कोणालाच बसलं नाही.

ते ड्रेसिंगच्या खोलीत खिळ्याला टांगलंय. आतून चाचांची छाती. बाहेरून माझी पाच बोटं, वाळताना उमटलेली. यात मी काही वाढवलेलं नाही. कधी फार थकलो की त्यावर हात ठेवतो. हात बरोबर बसतो. खाली काही हलत नाही.