तीन पिनांवरची पट्टी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आता पहिल्यांदाच तुम्हाला सांगतोय. घाबरट माणूस आहे मी—पण घाबरट म्हणून सोडून देण्यासारखं हे आहे का?

वर्तकनगरात आमचं पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचं छोटंसं मंडळ आहे. मंडळाची एक मोठी लेन्स, चारशे मिलिमीटरची, लांबचा पक्षी जवळ आणणारी. तिच्यामागे टेलिकन्व्हर्टर, म्हणजे एक छोटी जोड-लेन्स, लावली की चारशेचे पाचशेसाठ होतात, पक्षी आणखी मोठा दिसतो. दोन्ही आम्ही आळीपाळीने वापरतो. ती ठेवायच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. कन्व्हर्टरवर तीन जादा पिना असतात. त्या टेकल्या की लेन्सला कळतं, कन्व्हर्टर लागलाय, आणि ती कॅमेऱ्याला कळवते. मग माझा जुना कॅमेरा उजेड पुरणार नाही म्हणून फोकसच करत नाही. त्यावर उपाय—त्या पिनांवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा. कॅमेऱ्याला पत्ताच लागत नाही. फक्त फोटोसोबत आपोआप होणाऱ्या नोंदीत पाचशेसाठऐवजी चारशे उमटतं.

मी तो तुकडा लावला—आणि काढायला विसरलो. इथवर ठीक आहे, नाही का? विसरतो माणूस.

पुढची पाळी आपटेकाकांची. डोंबिवलीचे, केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, नियमाला पक्के. त्यांचा शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या घरट्याचा फोटो आमच्या प्रदर्शनात पहिला आला. घरट्यापासून तीस पावलं लांब राहायचं, हा मंडळाचा नियम. नोंदीतल्या चारशेवरून कुणीतरी अंदाज काढला, की नुसत्या चारशेवर घरटं एवढं मोठं दिसायला काका वीसएक पावलांवर गेले असणार. बैठक बसली.

"अरे, कन्व्हर्टर लावलेला रे मी," काका मला म्हणाले. "तूच बघ ना जोडून."

मी आतल्या खोलीत गेलो, कपाट उघडलं आणि ती पट्टी दिसली. काय करायला हवं ते कळत नव्हतं का मला? चांगलं कळत होतं. पण बाहेर सगळे बसलेले—आणि मी नखाने ती पट्टी खरवडून काढली. बाहेर येऊन सगळ्यांसमोर काकांच्याच कॅमेऱ्याला लेन्स आणि कन्व्हर्टर जोडला, एक फोटो काढला. नोंदीत स्वच्छ पाचशेसाठ.

काकांनी कॅमेरा हातात घेऊन तो आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे लावायचा विसरलोच असेन मी." त्यांनी सगळ्यांची माफी मागितली. बक्षीस परत केलं.

तेव्हापासून मंडळातल्या कुणाचाही फोन आला की मी दचकतो. आधी पकडला जाईन याची भीती होती. आता दुसरीच आहे.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. कॅमेरा त्यांनी केव्हाच सोडलाय. काकू सांगत होत्या, हल्ली गॅस बंद केला की नाही ते तीनतीनदा बघतात, अर्धा जिना उतरून परत वर येतात, स्वतःवर भरवसाच राहिला नाही त्यांचा. काका शेजारीच बसलेले, ओशाळून हसले.

"वय झालं की होतं असं," मी म्हणालो.

त्या दिवशी ते काहीच विसरले नव्हते. हे फक्त मला माहीत होतं—आणि मी चहा संपवून घरी आलो.