'तुझा'ला बंदी

जिंकणाऱ्या टीमकडे कप जमतात, हरणाऱ्या टीमकडे किस्से. आमच्या इंगोलश्टाटच्या हौशी बेसबॉल टीमकडे दोन वर्षांत इतके जमलेत की कपाट घ्यावं लागेल!

टीममध्ये अर्धे जर्मन, अर्धे आम्ही पुण्याचे इंजिनियर. क्रिकेटला माणसं पुरेनात, म्हणून इकडे आलो. कोच ऊवे, निवृत्त टूलमेकर. या टीमशिवाय त्याला दुसरं जग नाही. यंदा फेराइननं, म्हणजे आमच्या क्लबनं, त्याला बजावलं, "सीझनआधीच्या स्पर्धेत एक तरी मॅच जिंका. नाहीतर लीगमध्ये नाव देणार नाही."

ऊवे आठवडाभर रोज संध्याकाळी एकटाच मैदानावर येऊन बेस पुसत बसला. आम्हालाच वाईट वाटायला लागलं.

*

आमचा जोगळेकर ब्रेक टेस्टिंगमध्ये आहे. आधी काय फेल होईल ते शोधायची त्याला सवय. त्यानं कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडला आणि सगळ्या टीम्सची कुंडली मांडली.

"त्सुफेनहाउझेन: बॉल टाकणारा पिचर जबरदस्त. हायडेलबर्ग: पोरं वाऱ्यासारखी पळतात, पण परीक्षा आली की अर्धी टीम लायब्ररीत."

"आणि आपण?"

"आपल्या बलस्थानाचा कॉलम रिकामा आहे. घरचा डबा लिहू?"

*

त्यात त्सुफेनहाउझेनच्या कॅप्टनचा फोन आला. स्पर्धेत त्यांना पहिली मॅच आमच्याशीच हवी होती.

ऊवे खूश! "बघा, आपल्याला मान देतात!"

फोन स्पीकरवर होता. कॅप्टन म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर! वॉर्मअप चांगला होतो."

*

प्रॅक्टिसला जोगळेकरनं पहिल्यांदा सणसणीत फटका मारला. आणि पळाला तो बॅट घेऊनच! पहिल्या बेसवर पोचताना आडवा होऊन बॅट टेकवली.

ऊवेनं डोक्याला हात लावला. "बॅट टाकून पळायचं!"

जोगळेकर गंभीरपणे म्हणाला, "आमच्याकडे बॅट टाकणाऱ्याला आई ओरडते."

*

माझे सासरे, नाना, सांगलीहून आले होते. एक अख्खी मॅच त्यांनी थर्मासमधला चहा पीत पाहिली. मी सगळे बेस समजावून सांगितले. शेवटचा होम, तिथे परत आलं की रन.

नाना विचारात पडले. "जावईबापू, एवढं पळून परत घरीच यायचं, तर निघायचं कशाला?"

*

खरा घोळ मात्र एका शब्दानं केला.

बॉल उंच उडाला. खाली मी आणि जोगळेकर. मी ओरडलो, "तुझा!" तो ओरडला, "तुझा!" बॉल दोघांच्या मधोमध पडला. हे चार वेळा झालं!

ऊवेनं अर्थ विचारला. मी जर्मनमध्ये सांगितलं, "डाइनर." दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूमच्या दारावर कागद: 'तुझा फरबोटन!' थोडक्यात, सक्त मनाई. त्यानंतर सरावात कोणी तो शब्द उच्चारला की ऊवे लांबून गरजायचा, "फरबोटन!"

*

स्पर्धा आली. पहिल्या मॅचमध्ये त्सुफेनहाउझेनचा वॉर्मअप चांगला झाला. उरली हायडेलबर्ग. परीक्षा नव्हत्या, सगळी पोरं हजर!

तरीही शेवटच्या डावात आम्ही एका रननं पुढे होतो. त्यांचा एक गडी बाद केला की जिंकलो. टीम वाचली.

बॉल उंच उडाला. बरोबर माझ्या आणि जोगळेकरच्या मधोमध! शब्द माझ्या ओठांवर आला, मी दात आवळले. जोगळेकरही गप्प. बॉल खाली येतोय आणि आम्ही दोघं नियम पाळत उभे!

तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "जोगळेकर, तुझाऽऽ!"

ऊवे!

जोगळेकरनं ग्लोव्ह जमिनीवर फेकला आणि क्रिकेटसारखा दोन्ही उघड्या हातांत बॉल घेतला. जिंकलो! आम्ही अक्षरशः नाचलो. नानांचा चहा सांडला.

जोगळेकर मात्र नाचला नाही. लाल झालेले तळवे घेऊन तो सरळ बाकाकडे गेला आणि बॉल ऊवेच्या हातात ठेवला.

"तुझा," तो म्हणाला.

ऊवेनं बाहीनं डोळे पुसले आणि ओरडला, "फरबोटन!"